वाकडा काप

सुनेने साबण कापला होता, आणि कापला तोही वाकडा. मुळात अंगाला लावायच्या वडीचे चार तुकडे करून घरातल्या चार माणसांना वाटायचे, हेच मास्तरीणबाईच्या घशाखाली उतरत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वीच्या घरात साबण संपायच्या आत दुसरा निघायचा आणि उरलेली चकती मोरीतून वाहून जायची, तिच्यामागे कोणी रडत बसत नसे. आता न्हाणीघराच्या फळीवर बरण्यांची चार झाकणं ओळीने मांडलेली होती. लाल तिचं, निळं मुलाचं, पिवळं नातीचं, पांढरं सुनेचं. महिन्यातून एकदा त्यांत एकेक तुकडा पडायचा आणि महिनाभर पुरवायचा. पुरला नाही तर काय, हे अजून कोणी विचारलं नव्हतं. हेही एक वेळ सोसता आलं असतं. पण कापणाऱ्याने निदान सरळ कापावं! चार तुकड्यांत एक जाड, दोन मध्यम आणि एक अगदी पाचरीसारखा. कापडावर कोणी अशी कात्री चालवली असती तर मास्तरीणबाईने त्याच्या हातातून कात्री काढून त्याला झाडू दिला असता. ओल्या डोक्यानेच तिने न्हाणीघराचं दार उघडलं.

"साबण कापलायस का उंदराने कुरतडलाय?"

सून बाहेरच्या दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "सुरीला धार नाही, आई."

"सुरीला नसेल तर माझ्या जिभेची घ्यायचीस. मागितली असतीस तर दिली असती."

"ती तुम्हाला लागेल," सून म्हणाली. ती हसली की नाही ते वाकलेल्या मानेमुळे कळलं नाही. "बटाटे धुऊन ठेवलेत. चिंगी शाळेतून आली की तिला दूध द्या. येते मी."

दार लागलं. जिन्यावर पावलं उतरत गेली. डावं पाऊल थोडं उशिरा पडत होतं, असं मास्तरीणबाईला वाटलं, पण तेवढ्यात नळाला आचका बसून पाणी बारीक झालं आणि ती पुन्हा आत वळली. लाल झाकणातला तुकडा हातात बसत नव्हता. एका बाजूला फुगलेला, दुसऱ्या बाजूला उतरता. अंगाला लावताना ती धारेची बाजू खांद्याला बोचली, आणि त्या बोचण्याने दिवस जो बिनसला तो बिनसलाच.

मास्तरीण हे काही तिचं नाव नव्हे. शाळेत ती दोन इयत्ता गेली. तिसरीत बापाने दप्तर काढून घेतलं आणि हातात कात्री दिली. पण कपडे शिवायच्या कारखान्यात जो कापड कापतो त्याला मास्तर म्हणतात, आणि मुलाच्या कारखान्यात कापायचं काम तिचं होतं, म्हणून शिवणाऱ्या बायकांनी तिला मास्तरीणबाई करून टाकलं. दोन इयत्तांची मास्तरीण, असं ती स्वतःच म्हणायची आणि हसायची. दुसरं कोणी हसलेलं तिला चालत नसे. अक्षरं तिला जेमतेम लागायची, आकडे मात्र झोपेतसुद्धा. गळ्यात चोवीस तास मोजायची टेप. कारखाना गेला, मशिनं गेली, कापायचं लांबलचक टेबल चार माणसांनी जिन्यावरून तिरपं करून उतरवलं, त्या दिवशीही ती टेप गळ्यातच होती. वसुलीला आलेल्या माणसाने यादीशी ताडून बघताना तिच्या गळ्याकडे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "ही पण लिहून घ्या. सोबत गळाही घेऊन जा." तो बिचारा खाली बघत निघून गेला. हे ती नंतर पुष्कळांना सांगायची. टेबल निघाल्यावर फरशीवर त्याच्या चार पायांचे चार स्वच्छ चौकोन उरले होते आणि त्या चौकोनांवर तिने पाय पडू दिला नव्हता, हे मात्र कोणाला सांगितलं नव्हतं.

आताच्या या दोन खोल्यांत टेबल नव्हतं. बसायचं ते पलंगावर, जेवायचं ते जमिनीवर, आणि खिडकीला असलेला पडदा जुन्या घरच्या पडद्याला मधोमध कापून केलेला. तोही सुनेने कापला होता, पण तो सरळ. मास्तरीणबाई केस पुसत त्या पडद्याच्या शिवणीकडे बघत राहिली. सरळ कापता येतं म्हणजे हिला. मग साबणावरच एवढा राग का? का मुद्दाम? अलीकडे तिला प्रत्येक गोष्टीत मुद्दाम दिसायला लागलं होतं. दिवा बंद केला तरी मुद्दाम, पाव मोजून काढले तरी मुद्दाम, आणि काही बोलली नाही तर सगळ्यात जास्त मुद्दाम. ते न बोलणंच तर गेले अकरा दिवस तिला खात होतं. अकरा दिवस तिच्याकडे एक उत्तर तयार होतं. असं धारदार, असं नेमकं, की ऐकणाऱ्याने पुन्हा तोंड उघडू नये. आणि प्रश्नच येत नव्हता. उत्तर तोंडात धरून बसलेली बाई. जेवताना तेच, झोपताना तेच. दाढेत काहीतरी अडकावं आणि जिभेने सारखं तिथेच जावं तसं.

प्रश्न मगरीच्या पाकिटाचा होता. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करी. तिथून तिने खाकी पाकिटं आणली होती, आणि पहिल्या तारखेला तिचा नि नवऱ्याचा असे दोन्ही पगार एकत्र करून ती त्या पाकिटांत वाटत असे. सासूला अक्षरं लागत नाहीत म्हणून तिने चिंगीकडून पाकिटांवर चित्रं काढून घेतली होती. भाड्याच्या पाकिटावर घर, विजेच्या पाकिटावर दिवा, भाजीच्या पाकिटावर गाजर, येण्याजाण्याच्या पाकिटावर बस. कर्जाच्या हप्त्याच्या पाकिटावर मगर. "आजी, ही दर महिन्याला खाते," चिंगीने समजावलं होतं, "आणि आपण नाही दिलं तर घरात येते." मगरीचे दात तिने लाल पेन्सिलने एकेक करून काढले होते. पाकिटांचा डबा कुलपात नसे, कपाटात उघडा असे. हेही मास्तरीणबाईला लागलं होतं. कुलूप असतं तर निदान भांडता आलं असतं.

अकरा दिवसांपूर्वी तिने मगरीच्या पाकिटातून आठ नोटा काढल्या. चोरल्या, असा शब्द तिने मनातसुद्धा येऊ दिला नाही. स्वतःच्या घरातून कोणी चोरतं का? त्याच्या आदल्या दिवशी ती बाजारात गाजराच्या पाकिटाचे पैसे मुठीत धरून फिरत होती आणि समोरून काजवाली आली. काजवाली म्हणजे कारखान्यात शर्टांना काजं करणारी बाई. बोटं अशी बारीक चालायची की मशीनने लाजावं. बावीस वर्षं दोघी एकाच डब्यातून जेवल्या होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा तिची तीन आठवड्यांची मजुरी राहिली, आणि त्यानंतर दोघी भेटल्या नव्हत्या. मास्तरीणबाईने ठरवलं होतं, भेटली की आपणच आधी बोलायचं. छाती काढून बोलायचं. पण काजवालीने तिला पाहिलं, ओळखलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन भाजीच्या ढिगाकडे तोंड वळवलं. तोंड वळवून ती वांग्यांवरून हात फिरवत उभी राहिली. मास्तरीणबाई निघून जाईपर्यंत. म्हणजे काजवालीच लाजली होती. पैसे जिचे यायचे तीच लाजून उभी, आणि जिने द्यायचे ती ताठ मानेने चाललेली. तिने शिव्या दिल्या असत्या, चार लोकांत पदर ओढला असता, तर मास्तरीणबाई घरी येऊन सुखाने जेवली असती. त्या वळवलेल्या मानेवरचे पांढरे केस, केसांतून दिसणारी मानेची बारीक कातडी, हे तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना तिने कपाट उघडलं, आणि तासाभरात काजवालीच्या दारात जाऊन आठ नोटा तिच्या हातावर ठेवल्या. "मोजून घे," ती म्हणाली. "मास्तरीणबाई कोणाचं ठेवत नाही." काजवाली रडली. चहा केला. परतताना मास्तरीणबाईची पावलं हलकी पडत होती. कितीतरी महिन्यांनी तिला आपली जुनी उंची परत आल्यासारखी वाटली. जिना चढून आल्यावर कपाटातली मगर दिसली, तेवढंच.

मग तिने वाट पाहिली. हप्त्याची तारीख तीन दिवसांवर होती. सून डबा उघडेल, मोजेल, बाहेर येऊन विचारेल, आणि आपण म्हणू: "गरिबाची मजुरी दिली. तुझ्या बँकेच्या दारात काय कोणी उपाशी बसलंय?" उत्तर असं होतं. सून डबा उघडून बसली तेव्हा मास्तरीणबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मोजताना नोटांचा आवाज आला. थांबला. पुन्हा मोजल्याचा आवाज आला. पुन्हा थांबला. मग डब्याचं झाकण लागलं आणि सून मुलाला म्हणाली, "उद्या जरा लवकर निघेन." बस्स. मुलाने हूं केलं. तो गोदामात पोती मोजायचं काम करतो. दिवसभर मोजून आलेला माणूस घरी आल्यावर कशातच लक्ष घालत नाही. एकेकाळी हाच मुलगा चौदा मशिनांमध्ये उभा राहून फोनवर बोलायचा तेव्हा रस्त्यावरची माणसं वर बघायची. चौदातली आठ मशिनं कर्जाची. आणि ती घ्यायला लावली कोणी? "सहा मशिनांचा कारखाना म्हणजे काय, शिवणकामाचा क्लास?" असं एका दुपारी बायकांसमोर कोण म्हणालं होतं? हा विचार आला की मास्तरीणबाई काहीतरी काम काढायची. आताही तिने तेच केलं. बटाटे सोलायचे म्हणून सुरी हातात घेतली.

सुरीला धार होती.

तिने अंगठ्याने पातं चाचपलं. बटाट्याच्या सालीत सुरी अशी शिरली की हात पुढे गेला. धार असायलाच हवी होती, कारण चारच दिवसांपूर्वी तिने स्वतः ती दगडावर घासली होती. ती तशीच बसून राहिली. एका हातात अर्धा सोललेला बटाटा, दुसऱ्या हातात सुरी, आणि कानात सुनेचं ते वाक्य. सुरीला धार नाही, आई. खोटं बोलली. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. अगदी कंटाळा यावा इतकी खरं बोलायची. एवढ्याशा साबणासाठी खोटं? मास्तरीणबाई उठली, न्हाणीघरात गेली आणि चारही झाकणं फळीवरून उचलून बाहेर खिडकीपाशी उजेडात मांडली. गळ्यातली टेप काढली. स्वतःचंच तिला हसू आलं. चाळीस वर्षं कापड मोजलं, आता साबण मोजते आहे. लाल झाकणातला तुकडा आजच एकदा वापरलेला, तरी अडीच बोटं जाड भरला. निळ्यातला आणि पिवळ्यातला दीड-दीड बोट, अगदी सारखे, दोऱ्याने आखल्यासारखे. पांढऱ्यातला जेमतेम अर्धं बोट. हात हलला असता तर सगळेच तुकडे वेडेवाकडे झाले असते. दोन सारखे कसे आले? ज्याला सरळ कापता येतं त्याने ठरवून वाकडं कापलं होतं. मोठा तुकडा तिचा. पाचर सुनेची.

पहिल्यांदा रागच आला. कानशिलं तापली. मला मोठा तुकडा? का? मी कोण, दारात आलेली पाहुणी की आज-उद्याची म्हातारी? ह्या घरात आजवर वाटप मी केलंय. कोणाच्या ताटात किती पडतं ते मी ठरवलंय, आणि ही कालची पोर मला गुपचूप मोठं वाढते! तिने लाल झाकण दूर सारलं. उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या. खोलीत सहा पावलं जायला आणि सहा यायला, सातवं भिंतीवर. खाली कोणीतरी डबा आपटत होतं, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. मोठं वाढते, असं मनात आलं आणि मग ते एका जागी थांबेना. सकाळचा चहा. तिचा पेला काठोकाठ, सुनेच्या पेल्यात तळाशी. "मला दुकानात मिळतो, आई." दुकानात खरंच मिळतो का? पाव. परवा सून म्हणाली, पोट जड आहे, आणि तिच्या वाटचा पाव चिंगीच्या डब्यात गेला. कालही पोट जडच होतं. मास्तरीणबाईने तेव्हा टोमणा मारला होता, "दुकानात मेजवान्या झडतायत वाटतं." सून म्हणाली होती, "हो ना." आणि ती संध्याकाळी येते ती बाजू. बसचा थांबा डावीकडे, पण गेले किती तरी दिवस ती उजवीकडून येताना दिसते, मोठ्या रस्त्याच्या बाजूने, पाऊण तास उशिरा. मास्तरीणबाई रोज खिडकीतून ते बघत होती आणि रोज मनात एकच काढत होती: भावाकडे जाते. माझ्या तक्रारी सांगायला जाते. सांगू दे.

तिने कपाट उघडलं. अकरा दिवसांत ती त्या डब्याकडे फिरकली नव्हती. गाजराच्या पाकिटाचे पैसे सून हातात देई आणि ती घेई. सगळ्यात वर बसचं पाकीट होतं. चिंगीने बसला डोळे काढले होते, खिडक्यांतून चार माणसं हसत होती. पाकीट रिकामं. महिन्याचे अजून इतके दिवस बाकी आणि पाकीट रिकामं, उलटं करून झटकलं तरी रिकामं. त्याखाली मगर. मगरीचं पाकीट तिने हातात घेतलं आणि तिचा अंगठा आपोआप त्याच्या तोंडावर फिरला. पाकिटाचं तोंड दुमडलेलं होतं. आधी एक बारीक दुमड, मग तिच्यावर दुसरी, वर नखाची पक्की रेघ. शर्टाचा खालचा काठ मशीनखाली घालायच्या आधी दुमडतात तशी. सून अशी दुमडत नाही. ती नुसतं झाकण आत खोचते. मुलगा तेवढंही करत नाही. ह्या घरात, ह्या गल्लीत, कागदाला काठ घालणारी बाई एकच. आठ नोटा काढल्यावर हातांनी सवयीने ते केलं होतं आणि डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. म्हणजे सुनेने त्या दिवशी डबा उघडला तेव्हा मोजायच्या आधीच तिला कळलं होतं. नोटांचा आवाज थांबला होता तो आकड्यासाठी नव्हे. आणि कळल्यावर तिने ती दुमड उलगडली, आत ठेवायचं ते ठेवलं, आणि पुन्हा त्याच रेघांवर, तशीच, घातली.

आत पावती होती. अक्षरांशी मास्तरीणबाईने झटापट केली नाही, आकडे वाचले. वरचा आकडा पूर्ण हप्त्याचा. त्याखाली एक लहान आकडा, तो उशिराचा दंड असणार. तारीख ठरल्या दिवसाच्या पाच दिवस नंतरची. ती पलंगाच्या कडेवर बसली. आठ नोटा कुठून आल्या हे आता मोजायला टेप लागत नव्हती. बस, चहा, पाव. आणि साबण. साबणातून किती वाचतं? काहीच नाही, चार दाणे. पण एकदा स्वतःच्या वाटणीला कात्री लावायची म्हटली की हात मग कशालाच सोडत नाही, हे तिला माहीत होतं. असा हात तिने दुसऱ्या कोणाचा पाहिला नव्हता, स्वतःचाच पाहिला होता, मुलगा लहान असताना. ते वर्ष तिने मनाच्या अगदी तळाशी घडी करून ठेवलं होतं आणि वर इतके तागे रचले होते की तिलाच सापडू नये.

नव्या पोरी कारखान्यात कापायला शिकायला यायच्या तेव्हा पहिल्या दिवशी ती त्यांना कापड कमी द्यायची, मुद्दाम. खडू हातात देऊन म्हणायची, बसव बघू ह्यात शर्ट. हुशार पोरगी आधी पाठ मांडायची, मग पुढचे दोन भाग, मग बाह्या. कॉलर आणि खिसा शेवटी, उरल्यासुरल्या सांदीत. एखादी मात्र खिशापासून सुरुवात करायची. खिसा लहान, सोपा, चटकन होतो, कापून हातात आला की काहीतरी झाल्यासारखं वाटतं. मग पाठीला कापड पुरायचं नाही. मास्तरीणबाई त्या पोरीला सगळ्यांसमोर उभं करायची आणि विचारायची, "आता काय नुसता खिसा घालून फिरवायचं का माणसाला?" सगळ्या हसायच्या. काजवाली सगळ्यात मोठ्याने. सुनेनेही कर्जाची यादी तशीच मांडली होती: आधी मगर, मग भाड्याची बाकी, मग कापडवाला, आणि शेवटी लहान देणी, त्यांत काजवालीचीही. "तिचे पैसे मी विसरले नाही, आई," ती एकदा आपण होऊन म्हणाली होती. "दोन महिने थांबा." आणि मास्तरीणबाईने पाठीच्या कापडातून खिसा कापून आणला होता. बरं, पाठ तरी कोणाची? कर्जाला जामीन राहिलेला सुनेचा थोरला भाऊ. हप्ता राहिला की पत्र त्याच्या घरी. त्याच्या बायकोच्या हातात. ते पत्र उघडून दाखवताना तिचा चेहरा कसा होईल, ती सुनेला सणकून काय काय ऐकवेल, हे मास्तरीणबाईला न बघताही दिसलं, कारण तिच्या जागी आपण असतो तर अक्षर न् अक्षर हेच बोललो असतो. एका बाजारात आपली मान खाली जाऊ नये म्हणून तिने सुनेची मान तिच्या माहेरच्या दारात नेऊन ठेवली होती. आणि ती पोर पाच दिवस पायी चालून ती मान परत घेऊन आली, आणि अजून चालतेच आहे.

काजवालीचे पैसे दिले ते चुकलं का? हा प्रश्न तिने दुपारभर इकडून तिकडून उलटून पाहिला. त्या पांढऱ्या केसांची आठवण आली की नाही वाटायचं. मगरीचे लाल दात बघितले की हो वाटायचं. तिला एवढंच नक्की कळलं की देणं तिचं होतं आणि दिलं दुसरीच्या पायांनी. चिंगी शाळेतून आली, दूध प्यायली, झाकणं खिडकीत बघून म्हणाली, "आजी, साबणाचं दुकान काढलंस?"

"काढलंय. उधार मिळणार नाही."

"मग आपलं चालणार नाही," चिंगी म्हणाली आणि खेळायला निघून गेली.

दिवस कलला तशी मास्तरीणबाई खिडकीत बसली. आज डावीकडे तिने बघितलंच नाही. उजवीकडच्या मोठ्या रस्त्यावरून माणसं येत होती, एकेकटी, पिशव्या घेतलेली, आणि त्यांच्यात बऱ्याच वेळाने सून दिसली. दुरून ती कोणीही असू शकली असती, पण डावं पाऊल उशिरा पडत होतं. सकाळी जिन्यावर ऐकलं होतं तसंच. कोपऱ्यावर ती थांबली. भिंतीला हात टेकून तिने बूट काढला, आतून काहीतरी झटकलं, पुन्हा घातला, आणि मग पदराने चेहरा पुसून, केस सारखे करून, जणू आत्ताच बसमधून उतरली आहे अशी सरळ चालत घराकडे निघाली. ते सरळ चालणं मास्तरीणबाईच्या ओळखीचं होतं. ती स्वतः असंच चालायची.

सून आत आली तेव्हा सासू जमिनीवर बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्राचा कागद, त्यावर चार झाकणं, आणि हातात शिवायचा दोरा, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून ताणलेला. लाल झाकणातल्या तुकड्यावर तिने दोरा ठेवला आणि खाली ओढला. आवाजसुद्धा झाला नाही. काचेसारखी गुळगुळीत चकती सुटून कागदावर पडली. ती तिने पाण्यात बुडवून पांढऱ्या झाकणातल्या पाचरीवर दाबली, अंगठ्याने कडा बुजवल्या, आणि टेप लावली. चौघांचे सारखे.

"आई, हे काय करताय?"

"जोड देतेय. साबण दोऱ्याने कापतात, सुरीने नाही. आणि सुरीला धार आहे."

सून दाराशीच उभी राहिली. तिची नजर कपाटाकडे गेली, तिथून कागदावर. साबणाच्या शेजारी मगरीचं पाकीट होतं, दुमड उलगडलेली.

"बूट काढ," मास्तरीणबाई म्हणाली.

"राहू द्या ना, आई."

"काढ म्हणते."

सुनेने बूट काढले. डाव्या बुटाच्या तळाला भोक पडलं होतं आणि आत दुकानातल्या खाकी पाकिटाचा तुकडा पायाच्या मापाने कापून घातला होता. मास्तरीणबाईने तो बाहेर काढला, उजेडात धरला. काप अगदी सफाईदार होता, टाचेचा गोल कुठेही तुटलेला नव्हता. बराच वेळ ती तो कागद फिरवून बघत राहिली.

"आठ नोटा मी घेतल्या," ती कागदाकडे बघतच म्हणाली. "काजवालीला दिल्या."

"माहीत आहे. मला भेटली ती रस्त्यात. तुमचं खूप बोलत होती." सून हळूच खाली बसली. "कोणाचं तरी दिलं गेलं. बरं झालं, असंच मी धरलं."

"बरं झालं काय! पाठीच्या आधी खिसा कापला मी. इतकी वर्षं पोरींना ज्यासाठी बोलले तेच केलं. तू विचारलं का नाहीस?"

"काय विचारणार? तुम्ही उत्तर तयार ठेवलं असेल, वाटलं." सुनेच्या ओठाची कड हलली. "आणि ते ऐकायची ताकद नव्हती, चालून चालून."

मास्तरीणबाईला हसू फुटलं आणि त्याच दमात डोळे भरले, आणि दोन्हींचा तिला सारखाच राग आला. तिने नाक ओढलं. बसचं रिकामं पाकीट उचलून सुनेच्या मांडीवर टाकलं. गळ्यातली टेप काढून तिची घडी घातली आणि त्या पाकिटावर ठेवली.

"उद्यापासून मी खालच्या शिंप्याकडे कापायला बसणार. बोलून आलेय मघाशी. तुकड्यामागे पैसे देतो, कमी देतो, पण रोज देतो. ते ह्या पाकिटात पडतील, आणि तू बसने जाशील. त्यात मला मधे बोललेलं चालणार नाही." सून काही बोलायला गेली तेव्हा तिने हात वर केला. मग तो बुटातला कागद तिच्यासमोर धरून, अकरा दिवस तोंडात धरलेल्या त्या धारेनेच ती म्हणाली, "सगळ्यांना सांगत होते, माझी सून कंजूष आहे म्हणून. चुकले. स्वतःला अशी दोन्ही हातांनी उधळणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. आणि माझ्या घरात असली उधळपट्टी मी चालू देणार नाही."